सोवळे, ओवळे आणि पोवळे

यशोधन खांबेटे बाराव्या वर्षी एका कपातून चहा प्याला आणि त्या चहाच्या बळावर पुढे आयुष्यभर पुरोगामी राहिला. कप तुकारामाचा होता. तुकाराम गॅसचे सिलिंडर खांद्यावर घेऊन कर्वेनगरातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी येत असे. त्याला चहा मिळे तो एका कान तुटलेल्या कपातून. हा कप घरातल्या इतर कपांत कधी मिसळत नसे. गॅलरीच्या खिडकीत उपडा पडलेला असे. एका नवरात्रात आई, म्हणजे आशालताबाई, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून नैवेद्याच्या गडबडीत असताना यशोधनने तो कप उचलला, आत्या-मावश्यांच्या देखत त्यातून चहा घेतला आणि तसाच जाऊन आईच्या गळ्यात हात टाकले. आशालताबाईंना पुन्हा अंघोळ करावी लागली, पुरण पुन्हा शिजवावे लागले, आणि देवीला दुपारचा नैवेद्य संध्याकाळी मिळाला.

आईने त्याला मारले नाही. पुढच्या वर्षी मात्र मुकटा ट्रंकेत गेला आणि कान तुटलेला कपही कुठेतरी नाहीसा झाला. हे विचार पटल्यामुळे घडले की दोनदा पुरण शिजवण्याच्या धास्तीने, हे आशालताबाईंनी कधी सांगितले नाही. यशोधनने तो विचाराचा विजय धरला.

पुढे तो अभियंता झाला, पत्नी राजश्रीसह ऑकलंडला आला, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत रुजू झाला आणि अल्बनी या उपनगरात त्याने नवे घर घेतले. तुकारामाचा कप त्याने गोष्टीच्या रूपाने बरोबर आणला होता. मराठी मंडळींच्या प्रत्येक मेळाव्यात ती गोष्ट होई, आणि 'सिलिंडर' हा शब्द कानावर पडताच राजश्री उठून भजी तळायला जाई. एरवी तो चांगला माणूस होता. गणेशोत्सवात पूजेला विरोध करी आणि माईकच्या वायरी स्वतः जोडी. नव्याने आलेल्या कुटुंबाला विमानतळावरून आणायला तोच जाई. दोष एवढाच, की एकदा बरोबर ठरलेल्या माणसालाही स्वतःला पुन्हा कधीतरी तपासून घ्यावे लागते, हे तो विसरला होता. सुशिक्षितांत हा दोष सर्रास आढळतो आणि त्याचा सहसा कोणाला उपद्रव होत नाही. यशोधनच्या बाबतीत त्याचा पहिला उपद्रव पोवळ्यांना झाला.

पोवळी म्हणजे अंगठीतली नव्हेत. लाउंजमधल्या भिंतीलगत यशोधनने काचेच्या टाकीत खारे पाणी, खडक, निळसर दिवे आणि जिवंत प्रवाळ असा एक समुद्रच मांडला होता. कामावरून परतल्यावर तो हातपाय धुऊन टाकीसमोर उभा राही, पाणी तपासी, चिमूटभर अन्न अर्पण करी आणि काही काळ मौन पाळी. आरती तेवढी नव्हती, असे राजश्रीचे निरीक्षण होते. टाकीच्या मधोमध बटणांसारख्या प्रवाळाची एक वसाहत होती. प्रत्येक बटण शर्टाच्या गुंडीएवढे, मध्ये केशरी आणि कडेला हिरवी झालर असलेले. नखाएवढ्या तुकड्यापासून त्याने ती वाढवली होती. मुलगी श्रिया किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, जाऊ लागली त्या वर्षी तो तुकडा घरी आला, आणि दोघींच्या वाढीची छायाचित्रे एकाच अल्बममध्ये लावली गेली. प्रवाळाची जास्त होती.

दोन हजार आठ सालच्या सुरुवातीला आशालताबाई मुलाकडे राहायला आल्या. या देशाविषयी त्यांचे मत विमानतळावरच फार चांगले झाले. तिथल्या अधिकारी मुलीने हातमोजे घालून त्यांची बॅग उघडली, एकही वस्तू उघड्या हाताने न शिवता तपासली, पूजेच्या सुपाऱ्या जप्त केल्या, चपलांच्या तळाला माती दिसली म्हणून त्या आत नेऊन धुऊन आणल्या आणि मागाहून टेबलही पुसून काढले. पूजेची तांब्याची तपेली तिने उजेडात फिरवून पाहिली आणि आदराने परत ठेवली. इतके कडक सोवळे आशालताबाईंनी सासरीही पाहिले नव्हते. त्यातून माणसांहून मेंढ्या जास्त असलेला देश. लोकरीला विटाळ नाही, म्हणजे इथे जिकडे पाहावे तिकडे सोवळ्याच्या धाबळ्याच चरत होत्या.

टाकी पाहून त्यांनी विचारले की एवढे पोवळे कोणाच्या पत्रिकेसाठी? मंगळ तर घरात कोणालाच नाही. यशोधनने त्यांना प्रवाळ हा सजीव असल्याचे समजावून दिले. त्यांनी ते ऐकून घेतले. मात्र त्यानंतर त्या मंगळवारी टाकीवरून जाताना हात जोडू लागल्या.

उपद्रवाची सुरुवात गोविंदभाईंच्या भेटीने झाली. गोविंदभाई ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या पुकेकोह्याचे कांदा-बटाट्याचे शेतकरी. आजोबा गुजरातेतून आलेले, स्वतः पुकेकोह्यातच जन्मलेले. त्यांचे इंग्रजी पक्के किवी, आणि गुजराती आजोबांच्या बोटीबरोबर जिथे थांबले तिथेच थांबलेले. त्यांच्या कांद्याच्या शेडमध्येही खाऱ्या पाण्याची टाकी होती, आणि प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळात त्यांची यशोधनशी मैत्री जमली होती. त्यांनी त्याला गुलाबी बटणांचा एक तुकडा प्रेमाने दिला, वर कांद्याची गोणीही दिली.

नवा तुकडा आणला की तो काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, असा मंडळात दंडक होता. यशोधनला त्याचे हसू येई. नव्याने आलेल्याला बाजूला बसवायचे, ही भाषा त्याने बालपणी पुरेशी ऐकली होती. शिवाय गोविंदभाईंसारख्या सज्जन माणसाच्या घरची वस्तू. त्याने तुकडा थेट समुद्रात सोडला. कीड सज्जनांच्या घरी राहत नाही, असे मानणारा हा शास्त्राचा पदवीधर होता, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

थोड्याच दिवसांत केशरी बटणे मिटू लागली. मिटलेली उघडेनात. मग एका सकाळी एक बटण चालताना दिसले. यशोधनने चष्मा पुसला. बटण पुढे सरकले, शेजारच्या बटणावर बसले आणि त्याला शांतपणे खाऊ लागले. ती बिनशंखाची समुद्री गोगलगाय होती. ती जे खाते त्याचाच रंग घेते आणि त्याच्याचसारखी झालर पाठीवर मिरवते, त्यामुळे खाणारा कोण आणि खाल्ला जाणारा कोण, हे शेवटपर्यंत ओळखू येत नाही. समाजशास्त्राला परिचित असलेली ही अवस्था अभियंत्याला नवीन होती. वसाहतीच्या एका अंगाला खडक उघडा पडला होता, आणि खालच्या बाजूला अंड्यांची पांढरी वेटोळी चिकटलेली होती. याच गतीने चालले तर थोड्या आठवड्यांत वसाहत संपणार, हे उघड होते. त्या दिवशी यशोधन कामावर गेला नाही.

गुलाबी तुकड्यासह उरलेली वसाहत त्याने टाकीतून काढून लॉन्ड्रीतल्या, म्हणजे घरातल्याच कपडे धुण्याच्या खोलीतल्या, छोट्या टाकीत ठेवली, आणि पुरोगामी माणूस नियमांकडे वळला. लॉन्ड्रीतल्या टाकीला शिवलेला हात मोठ्या टाकीला लागता कामा नये. तिकडची बादली इकडे आणायची नाही. तिकडचा टॉवेल निळा, इकडचा पांढरा. दोन्ही एकत्र धुवायचे नाहीत. लॉन्ड्रीतून बाहेर येणाऱ्याने आधी हात कोपरापर्यंत धुवावेत, मगच कोणाला शिवावे. जेवणाच्या टेबलावर त्याने हे सर्व सांगितले. आशालताबाईंचा घास हातातच राहिला.

"म्हणजे सोवळंच की हे," त्या म्हणाल्या.

"सोवळं नाही, आई. क्वारंटाइन."

"शिवायचं नाही ना?"

"नाही."

"शिवलं तर धुवायचं?"

"हो, पण ह्याच्यामागे सायन्स आहे."

"आमच्यामागे सासूबाई होत्या," आशालताबाई म्हणाल्या आणि त्यांनी घास तोंडात घातला.

नियमांचा एक स्वभाव असतो. ते केले त्या कारणापुरते थांबत नाहीत. राजश्रीने लॉन्ड्रीतल्या बादलीत श्रियाचे पोहण्याचे टॉग्ज भिजवले, म्हणून टॉग्ज बाटले. टॉग्ज मशीनमध्ये गेले, म्हणून मशीन बाटले. मशीनमधून निघालेल्या टॉवेलाने स्वयंपाकघरातले ओले हात पुसले गेले, आणि त्या हातांनी पातेली लावली गेली. यशोधन ही साखळी मोठ्या काटेकोरपणे शोधून काढी आणि प्रत्येक कडीला दूषित ठरवी. दुसरा आठवडा उजाडेपर्यंत घरातली प्रत्येक बादली, टब, डबा आणि पातेले ओवळे झाले होते. श्रिया रबरी जँडल्स पायात अडकवून पॅसेजमध्ये उभी राहिली आणि तिने गंभीरपणे विचारले, "बाबा, अ‍ॅम आय ओवळं?"

यशोधनने विचार केला. "फक्त कोपरापर्यंत," तो म्हणाला.

राजश्रीने सहकार्य सोडून दिले. नवऱ्याने दिवसभर कोणाला न शिवण्याचे व्रत घेतले असेल तर ते त्याने एकट्याने पाळावे, असे ती म्हणाली आणि सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून किराणा आणायला निघून गेली. घरात एकट्या आशालताबाईंच्या हातून एकही चूक होत नव्हती. कोपरे अंगाशी धरून दोन टाक्यांमधून कसे जावे, पडदा काठीने कसा सारावा, नळ मनगटाने कसा सोडावा, हे त्यांच्या अंगात मुरलेले होते. यशोधन नव्या बसमार्गावरच्या बसने शहरात जाई तेव्हा लॉन्ड्रीचा ताबा त्यांच्याकडे असे. कोणी तिकडे फिरकले की त्या शांतपणे म्हणत, "शिवू नका, पोवळ्यांचं आहे." एवढे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत कोणी पाहिले नव्हते.

गोगलगायी मात्र मजेत होत्या. यशोधन रोज चिमट्याने दिसतील तेवढ्या काढी आणि रोज वसाहत आणखी थोडी उघडी पडे. खरा उपाय त्याला ठाऊक होता. वसाहत थोड्या वेळासाठी टाकीइतक्याच कोमट गोड्या पाण्यात बुडवावी. खाऱ्या पाण्यातल्या गोगलगायींना गोडे पाणी सोसत नाही, त्या गळून पडतात. बटणे तोंड घट्ट मिटून तग धरतात. धरतात असे अनुभवी लोक सांगत. न धरली तर? श्रियाच्या शेजारच्या पानांवरची सगळी छायाचित्रे त्याच्या डोळ्यांपुढे येत. तो उपाय उद्यावर ढकले आणि नियम आणखी एक वाढवी.

अशा अवस्थेत एका शनिवारी गोविंदभाई आले. हातात कोबीचे दोन गड्डे होते आणि अंगाला पुकेकोह्याची माती. त्यांनी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार ठोकला आणि दाराकडे पाऊल टाकले. यशोधन वेगाने बाहेर आला, दार मागे ओढून घेतले आणि त्यांना गाडीच्या छपराखाली, कारपोर्टमध्येच थांबवले. आत पसारा आहे, असे त्याने सांगितले. ते खोटे होते. आत इतकी शिस्त होती की राहणे कठीण झाले होते. मग आतिथ्यात उणे नको म्हणून त्याने चहा आणला. श्रियाच्या वाढदिवसातून उरलेल्या, परीचे चित्र असलेल्या कागदी कपात. तो कप त्याने गोविंदभाईंच्या हातात दिला नाही. गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि दोन पावले मागे सरकला.

गोविंदभाईंनी कप उचलला, परीकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "स्वीट अ‍ॅझ." म्हणजे किवी भाषेत 'झकास'.

स्वयंपाकघराची खिडकी कारपोर्टवर उघडत होती. आशालताबाई बाहेर आल्या. मागोमाग राजश्री दारात येऊन उभी राहिली.

"कप हातात का नाही दिलास?" आशालताबाईंनी विचारले.

"आई, त्यांच्याच टाकीतून ते किडे आलेत. त्यांच्या हाताला, कपड्यांना काय काय असेल..."

"चहा काय टाकीत बसून पिणार आहेत ते?"

यशोधनने मराठीतच, आवाज खाली आणून, संसर्गाविषयी काही वाक्ये सांगितली. ती शास्त्रीयदृष्ट्याही टिकणारी नव्हती, कारण गोगलगाय माणसाच्या शर्टावर बसून कारपोर्टपर्यंत येत नाही, हे त्याला ठाऊक होते. ती वाक्ये बोलतानाच त्याला ते आठवले असावे, कारण शेवटचे वाक्य पुरे झाले नाही.

"तुकारामला आम्ही पायरीवर ठेवून द्यायचो," आशालताबाई म्हणाल्या. "आमच्याकडे बॉनेट नव्हतं."

राजश्रीने ही गोष्ट आजवर कधी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. आज ती भजी तळायला गेली नाही. तिने दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडाला लावून ती पुरी ऐकली.

यशोधन दोन पावले पुढे आला. मग त्याने गोविंदभाईंची क्षमा मागितली आणि खरे काय ते इंग्रजीत सांगून टाकले: आत पसारा नाही, कीड आहे, ती तुमच्याकडून आली असे मला वाटते, आणि तुम्हाला ते न सांगता मी तुम्हाला बाहेर उभे केले. गोविंदभाईंना राग आला नाही. त्यांना मराठी येत नव्हते, तरी बॉनेटवरच्या कपाचा अर्थ कळायला भाषा लागत नाही. पण त्यांचे सगळे कुतूहल कीड या शब्दापाशी अडकले होते. आशालताबाईंनी दार पूर्ण उघडले आणि त्यांना आत नेले. लॉन्ड्रीत वाकून त्यांनी पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. ही तर त्यांच्या शेडमध्येही खूप होती. इतके दिवस त्यांना वाटत होते की आपली बटणे फार निरोगी आहेत, म्हणून फिरायला निघतात. नातवंडांना ते कौतुकाने दाखवतही असत.

आता दोन घरांची पोवळी धोक्यात होती. यशोधनने बाह्या सरसावल्या. आजच, आत्ताच गोड्या पाण्याची अंघोळ, असे ठरले. पाणी कोमट केले, आणि तिथे सर्वजण थांबले. पाणी ओतायचे कशात? यशोधनच्या स्वतःच्या नियमांनुसार घरात शुद्ध भांडे उरलेच नव्हते. त्याने बादल्या आठवल्या, टब आठवले, डबे आठवले. प्रत्येकाला कुठून ना कुठून विटाळ झाला होता आणि त्याची साखळी त्यानेच सिद्ध केली होती.

आशालताबाई देवघराच्या कप्प्यातून तांब्याची तपेली घेऊन आल्या. या घरात कोणीही न शिवलेले तेवढे एकच भांडे होते. यशोधनचा चेहरा पडला. तांबे म्हणजे प्रवाळाला विष. टाकीत तांब्याचा अंशही जाऊ देऊ नये, हा मंडळातला पहिला धडा. म्हणजे घरात शुद्ध भांडे एकच, आणि त्यात बुडवले की मरण. तो लॉन्ड्रीच्या दाराला टेकून उभा राहिला.

"मग स्टीलचं घे," आशालताबाई म्हणाल्या. "दुधाचं पातेलं."

"ते चालणार नाही. ते लॉन्ड्रीतल्या टॉवेलला—"

"धुऊन घे. पुसून कोरडं कर. झालं."

"असं कसं झालं?"

"असंच असतं. सोवळ्यातसुद्धा भांडं घासलं की चालतं." त्यांनी तपेली पदराने पुसली. "तुकारामचा कप मी रोज स्वतः घासायची. चांगली राख लावून. तरी तो खिडकीतच ठेवायची. भांड्याला जे चालवून घेतलं, ते माणसाला नाही चालवलं. ते तेव्हा मला सुचलं नाही, आणि तुला आज सुचलं नाही. आता पातेलं आण."

राजश्री पातेले देण्यास तयार होती, पण त्यात पुन्हा दूध तापवणार नाही, असे तिने स्पष्ट केले. पातेले घासले गेले. श्रियाने ते पुसले, आणि पुसताना कोणीही तिच्या कोपरांची चौकशी केली नाही.

यशोधनने हातमोजे घातले, कारण काही बटणांचा चीक विषारी असतो. त्याने वसाहत दोन्ही हातांनी उचलली. गोविंदभाईंनीही हातमोजे चढवले आणि खडकाला खालून आधार दिला. बटणे गोड्या पाण्यात शिरताच कमळासारखी मिटली आणि खडक अगदी मृत दिसू लागला. मग मिटलेल्या बटणांमधून एकेक बटण सुटून तळाशी पडू लागले. जी पडली ती बटणे नव्हती. गोविंदभाई प्रत्येक पडणारीला गुजरातीत निरोप देत होते. आशालताबाई वरून पळीने पाणी घालू लागल्या. पाणी घातल्याशिवाय ती अंघोळ होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि शास्त्राची त्याला हरकत नव्हती, कारण पळी स्टीलची होती. यशोधनने जुन्या टूथब्रशने अंड्यांची वेटोळी खरवडून काढली आणि खडक परत खाऱ्या पाण्यात ठेवला. उरलेले पाणी परसातल्या लिंबाच्या झाडाला घालावे की नाही, यावर मतभेद झाला. ते सिंकमध्ये गेले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वसाहत मिटलेली होती. यशोधन कामावरून घरी फोन करून 'काही उघडलं का' एवढेच विचारी, आणि आशालताबाई 'नाही' म्हणून फोन ठेवत. मग एका मंगळवारी फोन त्यांनीच केला. राजश्रीने नंबर लावून दिला होता. एक उघडले होते, केशरी. मंगळवार होता, हे त्यांनी दोनदा सांगितले. यशोधनने वाराचा आणि प्रवाळाचा काही संबंध नसल्याचे सांगायला तोंड उघडले आणि, आयुष्यात बहुधा प्रथमच, ते पुन्हा मिटले.

सगळी बटणे परतली नाहीत. एका अंगाला खडक उघडाच राहिला. पण वसाहत जगली. सुटलेल्या अंड्यांतून नव्या गोगलगायी निघतात, म्हणून आठवड्याने पुन्हा अंघोळ घालणे आवश्यक होते. त्या शनिवारी गोविंदभाई आपल्या शेडमधली सारी बटणे तुकडे-तुकडे करून पाण्याच्या पिंपांतून घेऊन आले. इतक्या पोवळ्यांना एक पातेले कसे पुरणार? मग कुकर आला, पराती आल्या, डबे आले. नखाएवढ्या तुकड्यांसाठी वाट्या आल्या आणि शेवटी कपही आले. दिवाणखान्यापासून ओट्यापर्यंत प्रत्येक भांड्यात कोणी ना कोणी अंघोळ करत होते. श्रिया भांड्याभांड्यांतून फिरत पडलेल्या गोगलगायी दाखवत होती आणि हे हीप्स डिस्गस्टिंग असल्याचे मोठ्या आनंदाने सांगत होती.

चहाची वेळ झाली तेव्हा घरात एकही कप रिकामा नव्हता. राजश्रीने कपाट शोधून परीचे चित्र असलेल्या कागदी कपांची उरलेली गड्डी काढली. बसायलाही जागा नव्हती, म्हणून सर्वजण कारपोर्टमध्ये आले. यशोधनने ट्रे बॉनेटवर ठेवला, मग काहीसा घाईने पुन्हा हातात घेतला आणि पहिला कप गोविंदभाईंच्या हातात दिला. आशालताबाईंनी स्वतःचा कप उचलून एक घोट घेतला.

"कागदाची चव लागते," त्या म्हणाल्या. "तुकारामचा तरी चिनी मातीचा होता."